प्यादं एकच घर

उकव्याहून बालाघाटला निघालेली बस जंगलात पंक्चर झाली, म्हणून आमची भेट झाली. मी, आशालता, उकव्याच्या शाळेत शिक्षिका. सुट्टीला घरी निघाले होते. सालवृक्षाखाली बसमधलाच एक तरुण ट्रंकेवर पट मांडून एकटाच बुद्धिबळ खेळत होता. उकव्याच्या खाणीतला नवा सर्व्हेअर, गोंदियाचा गुणाकर. त्याचं लक्ष पटावर कमी, माझ्याकडे जास्त.

मी सरळ समोर जाऊन बसले. "काळ्या सोंगट्या माझ्या."

त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मी माझं एकच.

"नव्या नियमानं दोन घरं चालते, बाई."

"माहीत हाय. आमच्या हट्टा गावच्या महागूकाकानं मले देशी रीतीनं शिकवलं. प्यादं एकच घर."

"पुस्तकात याले फ्रेंच बचाव म्हणते."

"हट्ट्यात कोणी फ्रेंच नाही, जी."

तो हसला. उन्हाची तिरीप त्याच्या लांब बोटांवर हलत होती. मला ती बोटं आवडली, लपवायचं कशाला?

"तुमचा उंट तं घरातच कोंडला."

"निघते तो बाहेर. घाई तुमालेच हाय."

त्याचे कान लाल झाले. घरी माझ्यासाठी स्थळं येत होती. येणारा प्रत्येक जण माझ्याशी डाव मांडी आणि मला खूश करायला मुद्दाम हरे. अशा माणसाबरोबर जन्म काढायचा नाही, हे मी ठरवलं होतं. हा वेगळा निघावा असं फार वाटत होतं... आणि त्यानं वजीर नेऊन माझ्या घोड्याच्या तोंडी दिला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मुद्दाम ठेवला ना?"

"हौ... वाटलं, तुमी हसाल."

"मी काय लहान पोरगी हाव? उचला तो. खेळायचं असन तं पुरं खेळा, नाही तं पट गुंडाळा."

त्यानं वजीर मागे घेतला. मग मात्र तो खरा खेळला. माझा हत्ती गेला, राजा उघडा पडला. चाक बसलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, तरी आम्ही उठलो नाही. शेवटी माझ्या घोड्यानं त्याच्या राजाला गाठलं. मात.

तो कपाळाचा घाम पुसत बसला. "पुरा जोर लावलता मी."

"दिसलं मले."

"मग... तुमच्या बाबुजीले भेटाले येऊ का?"

"या. पण लग्नानंतरही असंच खेळान ना?"

"हौ. मी जिंकलो तं रुसायचं नाही."

"रुसीन," मी म्हणाले. "पण तुमी जिंकून तं पाहा."