सोळाव्या भागाचं खोटं

“अहो, पुढं ढकलू नका ना... तिचं रडनं ऱ्हायलंय अजून!”

अमृतने दचकून मान वळवली. पाथर्डी-नगर गाडीत खिडकीशी बसलेली एक अनोळखी मुलगी त्याच्याच मोबाईलमध्ये डोकावत होती, आणि वर त्यालाच दटावत होती. संस्कृतीने जीभ चावली. पण आता बोलून बसली होती!

“तुमी बघता कोरियन?”

“मैत्रिणीच्या मोबाईलवर बघायचे. तिचा रिचार्ज संपला... सातव्या भागावर.”

“मी बी सातव्यावरच हाय,” तो म्हणाला आणि त्याने मालिका मागे नेली. तो खरंतर नवव्यावर होता, हे तिला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा तिला ते फार गोड वाटलं होतं.

तिसगावजवळच्या वस्तीवरचा अमृत नगरला पाइपच्या दुकानात कामाला जायचा आणि संस्कृती आठवड्यातून तीनदा कॉम्प्युटरच्या क्लासला. मालिका होती बेटावरच्या एका डॉक्टरची आणि पाव भाजणाऱ्या मुलीची. एक इअरफोन त्याच्या कानात, एक तिच्या. करंजीच्या घाटात वळणावर खांद्याला खांदा लागायचा, आणि दोघंही मालिकेत बुडून गेल्याचं सोंग करायचे. चौदावा भाग येईतो ‘अहो’चं ‘अरे’ झालं होतं.

दिवाळीनंतर संस्कृतीचे आईवडील दरवर्षीसारखे ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे निघाले. यंदा वडिलांचा खांदा धरला होता, म्हणून क्लास सोडून तीही गेली. शेवटचे दोन भाग राहूनच गेले.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती उसाच्या ट्रॉलीवर चढली, कारण रेंज तेवढी तिथेच यायची. वडिलांच्या बटणांच्या फोनवर अमृतने तिला शेवट सांगितला. डॉक्टर ठरल्या दिवशी बोटीने परत येतो. धक्क्यावर ती उभी असते. बर्फ पडत असतो, आणि तो म्हणतो, ‘उशीर झाला का?’ संस्कृती ट्रॉलीवरच रडली. मग त्याच फोनवर अमृत हळूच म्हणाला, “आपलं बी वडलांशी बोललोय. बापू तयार हायेत. पाडव्याला येतो मागनी घालायला...”

त्या रात्री तिने उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, सगळ्या बायकांना तो शेवट रंगवून सांगितला. “असा पायजे मानूस,” भागूबाई म्हणाली, “बोलला तसा आला.” संस्कृतीने मान खाली घातली. हसू लपता लपत नव्हतं.

पाडवा आला आणि गेला. तोड संपवून संस्कृती घरी परतली, तरी अमृत आला नाही. “पुढच्या आठवड्यात नक्की,” एवढंच म्हणत राहिला. इकडे ऊसतोडीच्या टोळीच्या पुंजाराम मुकादमाने आपल्या भाच्यासाठी तिला मागितलं होतं. आई, लंकाबाई, लेकीच्या शब्दाखातर दिवस ढकलत होती. आज सकाळी मात्र तिने निर्वाणीचं सांगितलं. “उद्या ते सुपारी फोडायला येनार. तुजा तिसगावकर येनार का न्हाई, ते सांजपत्तूर सांग.”

आणि नेमका कालच संस्कृतीने मैत्रिणीच्या, पूजाच्या मोबाईलवर सोळावा भाग पाहिला होता. बोट आली. डॉक्टर उतरलाच नाही! मग ‘तीन वर्षांनंतर’... मोठ्या शहरातल्या सिग्नलवर दोघं छत्र्या धरून एकमेकांना ओलांडून गेले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. खाली कमेंटमध्ये देशभरातल्या लोकांनी लेखकाचा उद्धार केला होता. पूजा तर रडून रडून शिव्या देत होती. संस्कृतीला रडू आलं नाही. शेवट खोटा, तर ‘बापू तयार हायेत’ हे तरी कशावरून खरं?

बाजाराचं निमित्त करून ती तिसगावच्या स्टँडवर आली. बोलावल्याप्रमाणे अमृत रसवंतीशी उभा होता. “दोन रस—” तो म्हणाला.

“च्या सांग. सा महिने ऊसच बघितलाय मी.”

तिच्या आवाजाने तो चपापला.

“सोळावा भाग बघितला काल,” ती म्हणाली.

अमृतचा चेहरा उतरला. “संस्कृती... दोन दिस जेवन गेलं न्हाई मला. सोळा भाग जीव लावायचा, आन् त्यांनी असं करायचं? तू तितं उन्हातान्हात राबत हुतीस. तुला कसं सांगू? म्हनून मग... मला पायजे हुता तसा सांगितला.”

हे ऐकून तिचा निम्मा राग उतरला, हे कबूल करायला हवं. उरलेला निम्मा मात्र बाहेर आला.

“आन् बापू?”

अमृतने आलेला चहा तिच्याकडे सरकवला.

“अमृत, बापू तयार हायेत का?”

“...न्हाईत.”

“कवा इचारलंस?”

“तुला फोन केला त्याच सकाळी. म्हनले, ऊसतोडीच्या घरात सोयरीक न्हाई करायची.”

संस्कृतीने मुठी आवळल्या. कोयत्याने पडलेले तळव्यांवरचे घट्टे बोटांना टोचले. अपमान वाटला तिला, फार वाटला.

“मला वाटलं, पाडव्यापत्तूर मनवीन त्यान्ला...”

“तू मनवत बसलास, मी आईला थांबवत बसले. उद्या माजी सुपारी फुटती हाय! वाईट हुतं तर वाईट सांगायचं. रडले असते एक दिस... मग दोगांनी मिळून कायतरी केलं असतं. मला गोड बोलनं नगं रं. मला तू पायजे!”

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. ती गोरीमोरी झाली.

अमृतने मोबाईल काढला. नंबर लावला, आणि स्पीकर सुरू करून तो दोघांच्या मधे धरला.

“बापू, मी स्टँडवर हाय. संस्कृती शेजारी हाय. आज तिच्या घरी चाललोय, मागनी घालायला.”

“मी न्हाई म्हनलंय एकदा!”

“ऐकलंय मी. तुमी आलात तर लई बरं वाटंल. न्हाई आलात तरी मी जानार. लगीन करीन तर हिच्याशीच.”

तेवढ्यात मागून अमृतच्या आईचा आवाज आला, “आरं, मोकळ्या हातानं जाऊ नगंस म्हनावं! नारळ तरी घे!”

“तू गप गं—” बापू खेकसले, आणि फोन बंद झाला.

“आता काय हुईल रं?” तिने विचारलं.

अमृतने तोंड उघडलं. सवयीने काहीतरी गोड त्याच्या ओठांवर आलंच होतं. तिला ते दिसलं. पण त्याने तोंड मिटलं.

“न्हाई माहीत,” तो म्हणाला. “तुजी आई हाकलून बी देईल. माजे तर आत्ताच पाय कापाय लागलेत.”

संस्कृतीने भर स्टँडवर, सगळ्यांदेखत, त्याचा हात धरला.

“चल,” ती म्हणाली. “नारळ त्या पल्याडच्या दुकानात मिळत्यात.”