टॅक्सीतली हाक

माझ्याबरोबर जरा एका टॅक्सीत बसाल? डोळे मिटा, म्हणजे नीट दिसेल. टेकडीच्या उतारावर छोटी छोटी घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. समुद्राकडून आलेला पाऊस तिरपा पडतो आहे. पंधरा जणांच्या गाडीत अठरा माणसं ओल्या कपड्यांनिशी दाटीवाटीने बसली आहेत आणि काचांवर वाफ धरली आहे. आता सीटखालून एक आवाज येतो. ढुम्... मग काहीच नाही. तुम्ही श्वास रोखता. ढुम्-ढुम्... पुन्हा काहीच नाही. रिकाम्या घराच्या दारावर कुणीतरी थाप मारावी आणि आतून ओ येते का, याचा कानोसा घ्यावा, तसं.

भीती वाटली ना? मधल्या रांगेत बसलेल्या झिबुयिलेलाही वाटली. पण तिच्या भीतीचं कारण वेगळं होतं. ती थाप तिनेच तयार केली होती.

झिबुयिले एकोणीस वर्षांची. डर्बनच्या उम्लाझी वस्तीत, चौकातल्या एका जुन्या कंटेनरमध्ये ती बायकांच्या बारीक वेण्या घालून द्यायची. घरी गेली की वडिलांच्या मागे राहिलेल्या संगणकासमोर बसायची. त्या दिवसांत उम्लाझीतली बरीच पोरं हेच करत होती. कुणाकडे वाद्यं नव्हती, पैसे नव्हते. एकमेकांकडून उतरवून घेतलेला एक प्रोग्राम होता आणि त्यात ढोलाचे चार-दोन ठोके. ते ठोके मोडून, त्यांत भोकं पाडून पोरं काहीतरी नवंच करत होती. त्या संगीताला धड नावही नव्हतं. दगडावर दगड आपटल्यासारखं वाजतं म्हणून कुणी त्याला ग्कोम म्हणे, तर कुणी नुसतंच कपाळावर हात मारी.

टॅक्सीत थाप थांबली आणि एका बाईचा आवाज आला. हळू, पण घट्ट.

“खाबाझेला... कामावोवो...”

झिबुयिलेने छातीशी हात नेला. तो आवाज तिच्या आईचा होता.

ही तिच्या वडिलांच्या, म्खिझे कुळाच्या पूर्वजांची नावं. ती घेतली की गेलेली माणसं येतात. आणि आलेल्याला बसायला द्यावं, पुढ्यात काही ठेवावं, का बोलावलं ते सांगावं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. गेल्या वर्षी झिबूच्या वारलेल्या वडिलांच्या आत्म्याला परत घरी आणायचा विधी झाला, तेव्हा पूर्वजांसाठी राखलेल्या मागच्या खोलीत वनस्पतीचा धूर करून आईने ही नावं घेतली होती. दाराबाहेर फोन धरून झिबूने तो आवाज टिपला. आईचा तसा आवाज तिने पूर्वी कधी ऐकला नव्हता. मग एका संध्याकाळी तो तिने आपल्या थापांच्या मधल्या पोकळीत ठेवून पाहिला. फक्त स्वतःसाठी.

आणि आता तो टॅक्सीत वाजत होता.

“भाऊ, हे बंद कराल का?” तिने पुढे वाकून विचारलं.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. तरुण होता. उजव्या भुवईत जुन्या जखमेची बारीक रेघ होती, त्यामुळे तो सारखा काहीतरी विचारतो आहे असं वाटे. “का हो? आवडलं नाही?”

“डोकं दुखतंय.”

“डोकं दुखणारं माणूस कपाळ धरतं. तुम्ही छाती धरलीय.”

“पोरा, तू रस्ता धर,” मागून एक आजी म्हणाली. “उतार आहे आणि मला अजून नातवाचं लग्न बघायचंय.”

गाडी हसली. झिबू नाही. ड्रायव्हरने गाणं बंद केलं नाही, पण आवाज अगदी लहान केला. “या गाण्यासाठी शाळेची पोरं तीन-तीन टॅक्स्या सोडतात आणि माझी वाट बघतात. कुणी केलंय ते कुणालाच ठाऊक नाही. मी शोधतोय त्याला.”

“आणि सापडला तर?”

“विचारीन... बाबा रे, एवढं घाबरून कुणाला हाका मारतोयस?”

झिबू पुढच्याच थांब्यावर उतरली. तिचं घर अजून दोन थांबे लांब होतं.

*

“खेतिवे, माझा फोन कुणाला दिला होतास?”

नऊ वर्षांची खेतिवे तळलेला पाव खात होती. तिने चावायचं थांबवलं. “फोन नाही दिला, ताई.”

“मग?”

“गाणं दिलं. एकालाच, माझ्या वर्गातल्याला.” तिने पावाचा एक तुकडा मोडला. “त्याने त्याच्या काकाला दिलं. काकाची टॅक्सी आहे.” आणखी एक तुकडा मोडला. “काका चांगला आहे, ताई. भुवई तुटकी आहे त्याची.”

झिबू रागावली नाही. रागावायला अंगात बळ लागतं. ती आईचा विचार करत होती. आई शहरातल्या एका बंगल्यात कामाला होती, तिथेच राहायची आणि महिनाअखेरच्या शुक्रवारी घरी यायची. यायची ती टॅक्सीनेच. मध्ये फक्त तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी ती त्याच टॅक्सीची वाट बघत उभी राहिली. गाणं काढून टाकायला सांगायचं आणि यायचं, एवढंच ठरवलं होतं.

“आज डोकं कसं आहे?” त्याने पुढचं दार उघडून दिलं. त्याचं नाव सिबोनेलो होतं, आणि ते तिने विचारलं नव्हतं.

“ते गाणं काढून टाका.”

“कारण सांगा, टाकतो.”

कारण तिला सांगता येईना. म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं, आणि चौथ्याही. पाचव्या दिवशी तिला समोर, काचेखाली, डब्याचं एक झाकण दिसलं. त्यात चिमूटभर तपकीर होती.

“या वयात तपकीर ओढता?”

“माझी नाही.”

“मग कुणाची?”

“सांगीन. आधी तुमचं नाव सांगा. रोज सीट गरम करता आणि मी तुम्हाला ‘डोकेदुखी’ म्हणतो... बरं दिसत नाही.”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिथल्या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं, की मुलगा गोड बोलू लागला की ऐकू न आल्यासारखं करायचं. ती तसंच करत होती... फक्त काचेत तिचं हसू दिसत होतं.

“माझी आई रोज विचारते,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “आपल्या घरावर पांढरं फडकं कधी लागणार? शेजारच्या दोन्ही घरांवर लागलं. मुलीने हो म्हटलं की लगेच चढवतात. सगळ्या गल्लीला कळतं.”

“तुम्हाला घर तरी आहे का?” मागच्या सीटवरून खेतिवे म्हणाली. शाळेतून येताना तीही आता याच टॅक्सीत बसू लागली होती. “दिवसभर तर इथेच असता.”

“मग हेच घर समज.”

“खेतिवे, पुस्तक वाच,” झिबू म्हणाली.

पण घरी गेल्यावर हसू टिकत नसे. गाणं आता एका टॅक्सीत राहिलं नव्हतं. चौकात ते फोनवर वाजत होतं, न्हाव्याच्या दुकानात वाजत होतं; टेकडीपलीकडच्या पोरांनी त्याच थापेवर आपली दोन नवी गाणी केली होती. झिबू वेण्या घालत असताना गिऱ्हाईक बाई मान डोलवून म्हणे, “खाबाझेला,” आणि झिबूची बोटं थिजत. दिवसातून शंभर वेळा तिच्या वडिलांना, आजोबांना, पणजोबांना बोलावलं जात होतं. ते येत असतील. पुढ्यात काही नाही, बसायला जागा नाही, कुणी ओही देत नाही. किती वेळा माफ करतील?

मग खेतिवेला ताप आला. तीन दिवस उतरेना. दवाखान्यात म्हणाले, पावसाळी ताप आहे, घाबरू नका. झिबूने ऐकून घेतलं आणि घरी येऊन मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. आत जाऊन क्षमा मागावी असं तिला फार वाटलं. पण पाय उंबऱ्याच्या आत जाईनात. आत कुणी वाट बघत असेल तर?

चौथ्या दिवशी ताप उतरला. भीती उतरली नाही.

सोमवारी टॅक्सीत गाणं लागलं, तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. आईचा आवाज आला की सिबोनेलोचे ओठ हलत होते. खाबाझेला... तो नावं घेत होता. अगदी सवयीने.

झिबू त्याच्याकडे वळली. “तुम्ही... म्खिझे आहात?”

“का?”

“सांगा ना.”

एकाच कुळातली मुलं म्हणजे भाऊ-बहीण. त्यांच्यात दुसरं काही होत नाही. इतके दिवस हा प्रश्न आपल्या मनात का आला नाही, आणि आज आला तर उत्तराची एवढी धास्ती का...?

“मी झोंडी,” तो म्हणाला. “का, सुटलात वाटतं? केवढा श्वास सोडला.”

“गाडीत कोंदट आहे.”

“हो, खिडकी उघडीच आहे.”

ती एकदम म्हणाली, “शुक्रवारी हे लावू नका. फक्त या शुक्रवारी. माझी आई येणार आहे.”

या वेळी त्याने कारण विचारलं नाही. “नाही लावणार,” म्हणाला. आणि जरा वेळाने, “तुझं नाव खेतिवेने कधीच सांगितलंय... झिबू.”

*

शुक्रवारी दुपारी झिबू खेतिवेला घेऊन आईला आणायला शहरातल्या टॅक्सीतळावर गेली. आईला दुसऱ्या कुठल्यातरी गाडीत बसवायचं, असा तिचा बेत होता. पण तळावर तुम्हाला गाडी निवडता येत नाही. रांगेत जी पुढे असेल ती भरायची, मग मागची. आणि पुढे कोण उभं होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आई पुढच्या सीटवर बसली. दोघी बहिणी तिच्या मागे. सिबोनेलोने झिबूकडे पाहून हळूच मान हलवली. गाडी मुकाट निघाली. वायपर करकरत होते. उम्लाझीचा चढ लागला, अर्धा रस्ता सरला, आणि झिबूला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक शाळकरी पोरगी म्हणाली, “काका, आज काय मयताला चाललोय?” आणि तिने आपल्या फोनवर गाणं लावलं.

ढुम्...

आवाज पातळ होता, पण गाडीत शांतता होती. ढुम्-ढुम्... आणि मग, “खाबाझेला... कामावोवो...”

आईची मान ताठ झाली. ती मागे वळली नाही. गाणं संपेपर्यंत कुणी शिंकलंही नाही.

“ड्रायव्हर,” आई म्हणाली, “हे तुझ्याकडे आहे?”

“आहे, मा.”

“लाव. मोठ्याने.”

त्याने आरशातून झिबूकडे पाहिलं.

“तिच्याकडे काय बघतोस? लाव म्हटलं ना.”

सीटखालून थाप आली, सगळी गाडी थरथरली. आई डोळे मिटून ऐकत होती. झिबूने खेतिवेचा हात इतका घट्ट धरला होता, की त्या पोरीने आवाज न करता तोंड वेडंवाकडं केलं. आईने डोळे उघडले आणि तिची नजर काचेखालच्या झाकणावर गेली.

“ही तपकीर कुणासाठी?”

सिबोनेलोने गाडी कडेला घेतली. “मला नक्की माहीत नाही, मा. या गाण्यात कुणाच्या तरी वाडवडिलांना बोलावतात. माझ्या नाहीत. पण माझ्या गाडीत बोलावतात. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज सकाळी थोडी ठेवतो. म्हणतो, आलात, बसा. ज्याने बोलावलंय तो सापडला की सांगतो त्याला.”

झिबूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. म्हणजे ते उपाशी परतले नव्हते... निदान या गाडीतून तरी नाही.

“मीच केलं, आई,” ती म्हणाली. “दाराबाहेर उभं राहून टिपलं. विचारलं नाही. मला वाटलं, कुणी ऐकणार नाही.”

आईने काचेवरची वाफ तळहाताने पुसली.

“हाक मारली की निदान पाणी तरी विचारावं, झिबुयिले. तू नाही विचारलंस. परक्याच्या पोराने विचारलं.” तिने पिशवीतून तपकिरीची डबी काढली, झाकणात आपली एक चिमूट घातली. “उद्या मागची खोली सारवू. तू आत बसून त्यांना स्वतः सांगायचं, का बोलावलंस ते. मी शेजारी असेन.” आणि मग, निराळ्याच आवाजात, “तुझ्या बाबांना नाचायचं वेड होतं. एवढ्यांदा बोलावल्यावर... पाय तरी हलवले असतील त्यांनी.”

मागच्या रांगेतून त्या पहिल्या दिवशीचीच आजी म्हणाली, “सगळं ठीक आहे, पण गाडी निघणार का?”

घराशी पाऊस थांबला होता. आई पिशव्या घेऊन पुढे गेली. सिबोनेलो दाराशी उभा राहिला.

“म्हणजे ज्याला शोधत होतो तो तूच,” तो म्हणाला. “अजून भीती वाटते?”

“वाटते.”

“कशाची?”

“उद्याची. आत बसायची.” ती थांबली. “आणि... तुम्ही जे विचारणार आहात त्याची.”

“मी कुठे काही विचारलं?”

“मग विचारा ना.”

त्याने विचारलं, अगदी हळू, मला ऐकू आलं नाही. झिबूने खाली पाहिलं. चप्पल चिखलात फिरवली. रिवाजाप्रमाणे ती काहीच बोलली नाही. पण आतही गेली नाही.

खेतिवे दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने दप्तर उघडलं, शाळेचा पांढरा रुमाल काढला, झटकून त्याच्या घड्या मोडल्या, टॅक्सीच्या पुढच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि टॅक्सीच्या एरियलला तो दोन गाठी मारून घट्ट बांधला.