उत्कर्षाचा उरलेला हंगाम

शुक्रवार पेठेत भाजीच्या गाड्यावरून एक लिंबू घरंगळलं, आणि उत्कर्षाचा पाय तिला न विचारताच पुढं गेला. लिंबू थांबलं. पट्टी बांधलेल्या घोट्यातून मात्र अशी कळ उठली, की तिनं गाडाच घट्ट धरला.

"लिंबू वाचलं," मागून कुणीतरी म्हणालं. "घोट्याचं काही सांगता येत नाही."

उंच, सावळा, हातात कोथिंबिरीची जुडी... आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" तिनं फणकारून विचारलं.

"फिजिओथेरपिस्ट. उद्या सकाळी बहुतेक तुम्हीच येणार आहात माझ्याकडं. डावा घोटा, फुटबॉल... सोलापुरात अशा दोघी नसतील."

नव्हत्याच. देशातल्या मुलींच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणारी सोलापुरातली ती एकटी. ऐन हंगामात घोटा मुरगळला, आतलं लिगामेंट फाटलं, आणि केरळमधल्या तिच्या क्लबनं तिला घरी पाठवलं. तिच्यामागं संघ हरत सुटला. शेवटच्या जागेवर राहिला तर तो खालच्या लीगमध्ये जाणार होता. उत्कर्षा मोबाईलवर सामने बघायची, आणि एका पायावर लंगडत घरभर येरझाऱ्या घालायची. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले तिचे वडील रेवणसिद्ध म्हणायचे, "बस की जरा, पोरी. तुला बघून मलाच धाप लागतीय."

बसवत होतं कुणाला?

फिजिओथेरपिस्टचं नाव इंद्रजीत, मूळचा बार्शीचा. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण ती येऊ लागल्यावर तो सामने बघायला लागला, आणि ऑफसाइड म्हणजे काय ते रोज नव्यानं विचारायला लागला. ती रोज चिडून समजावायची. पुढं पुढं तिला शंका यायला लागली, की त्याला ते केव्हाच कळलंय...

घोटा दाबताना तो विचारायचा, "दुखतंय?"

"नाही."

तो पायाकडं न बघता तिच्याकडं बघायचा.

"चेहरा कशाला बघता?"

"तोंड 'नाही' म्हणतं, तेव्हा डोळ्यांना विचारावं लागतं."

उन्हाळा चढत गेला. खिडकीबाहेरचा कडुलिंब मोहरला. आणि ती पळायला लागली, उड्या मारायला लागली. क्लबमधून रोज फोन येत होते. इंद्रजीत म्हणाला, अजून आठवडाभर थांबा. ती थांबली. त्या आठवड्यात संघ पुन्हा हरला. आता शेवटचा सामना उरला होता, आणि इंद्रजीत परत म्हणाला, थोडं थांबा.

"तुम्हाला मला पाठवायचंच नाही," ती म्हणाली.

रागाच्या भरात बोलून गेली होती. पण त्याचा चेहरा खाडकन उतरला.

दुसऱ्या दिवशी तो तिला गावातल्या एका जुन्या, नावाजलेल्या अस्थितज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेला आणि स्वतः बाहेर थांबला. बाईंनी तिला पळवलं, वळवलं, एका पायावर उभं केलं. मग म्हणाल्या, घोटा छान भरलाय, खुशाल खेळ.

ती बाहेर आली. "जा म्हणाल्या. हे तुम्हीसुद्धा सांगू शकला असता की."

"नसतं सांगता आलं." तो जमिनीकडं बघत होता. "मला कळेनासं झालं होतं, उत्कर्षा. घोटा कच्चा आहे म्हणून थांबवतोय, की... तू जाशील म्हणून. असल्या माणसानं तुझा पाय तपासू नये. म्हणून इथं आणलं."

'तू' म्हणाला होता तो. पहिल्यांदाच. तिच्या छातीत काहीतरी लकाकलं, आणि त्याच क्षणी हरलेला सामनाही आठवला.

"आणि मागचा आठवडा?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं नाही."

ती तशीच निघून आली. संध्याकाळी तिनं केरळची गाडी धरली. रात्रभर बर्थवर कूस बदलत राहिली. कधी त्याचा राग यायचा, कधी आपण साधं 'येते' तरी म्हणायला हवं होतं असं वाटायचं...

सामन्यात तिला उत्तरार्धात उतरवलं. लीगमध्ये टिकायला बरोबरी पुरे होती, पण संघ एका गोलनं मागं होता. समोरची धिप्पाड पोरगी चेंडू घेऊन अंगावर आली, आणि उत्कर्षानं डावा पाय घातला. सगळा भार टाकून, न कचरता, न थांबता. चेंडू तिच्याकडं आला, तिनं तो लांब धाडला, आणि पुढच्या पोरीनं तो जाळ्यात घातला. संघ वाचला. मैदानावर सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. उत्कर्षा मात्र घोटा हातात धरून गवतावर बसली होती. आठवड्यापूर्वी हा पाय आपण असा घातला असता? तिला खरंच सांगता येईना. इंद्रजीतवरचा राग मात्र शोधूनही सापडत नव्हता.

तिनं त्याला फोन लावला.

"पाय कसा आहे?" त्यानं घाईनं विचारलं.

"पाय बरा आहे. क्लबनं पुढच्या हंगामासाठी परत बोलावलंय."

"जा. जायलाच पाहिजे."

"जाणारच की. निम्मं वर्ष इथं, निम्मं सोलापुरात..." तिचा आवाज उगाच बारीक झाला. "अशी बायको चालेल का तुला?"

गोलच्या वेळीही तिचं काळीज इतकं धडधडलं नव्हतं.

"चालेल," तो म्हणाला. आणि लगेच, "चालेल कशाला... पळेल."

ती हसत सुटली. अंगावर चिखल, डोळ्यांत पाणी. मैत्रिणी भोवती जमल्या, काय झालं, काय झालं, विचारू लागल्या. मराठी त्यांच्यातल्या एकीलाही येत नव्हतं, आणि उत्कर्षाला सांगायची घाई नव्हती.