भाल्याच्या टोकावरची चरबी

या, शेकोटीजवळ सरका. तोर्तोसा शहराच्या तटावरून आज बाण यायचे नाहीत. आतल्यांच्या हातात आता धनुष्य ओढायची ताकद उरलेली नाही. दुपारी तुम्ही खंदकातल्या त्या म्हाताऱ्याला भाकरी दाखवून नाचवत होतात ना? बघितलं मी, म्हणून सांगतो. आणि हे ऐकीव नाही. गोडमार माझ्याच झोपडीतला गडी.

तेव्हा आमचा बार्सिलोनाला वेढा चालला होता. हिवाळ्याच्या तोंडावरची, संत आंद्रेच्या सणाची आदली रात्र, आभाळात चंद्र नाही. खंदकावर राडोचा पहारा होता, त्याला गरम रस्सा द्यायला गोडमार निघाला. काम एवढंच. पण राडोला लागली होती हगवण. तो म्हणाला, "भावा, जरा माझ्या जागी उभा राहा, आलोच." गोडमार उभा राहिला.

गोडमार मुळात वाईट नव्हता. त्याचा धाकटा भाऊ इम्मो द्राक्षांच्या दिवसांत घोड्यांसाठी चारा आणायला गेला आणि आतल्यांनी त्याला पकडून नेलं. घरून निघताना आईने थोरल्याला बजावलं होतं, "धाकट्याला घेतल्याशिवाय दारात पाऊल टाकू नकोस." आणि तटावरून ते रोज ओरडायचे, "इम्मो रडतोय रे! दादा दादा करतोय!" तेव्हापासून गोडमार पार बिथरला होता.

हुकूम असा होता, की खंदकातून उपाशी माणूस वर आला तर त्याच्यापुढे भाल्याच्या टोकावर डुकराची चरबी धरायची. खाल्ली तर ख्रिस्ती, त्याला सोडायचं. तोंड फिरवलं तर मुसलमान, त्याला परत ढकलायचं. आत खाणारी तोंडं जितकी जास्त, तितकं शहर लवकर पडतं. गोडमारने त्यात आपली भर घातली. एखादी बाई रडत रडत ती चरबी तोंडात घ्यायची. हा तिला चावू द्यायचा, गिळू द्यायचा, आणि मग छातीत दांडा घालून खाली लोटायचा. "धर्मही गेला आणि वाटही गेली!" म्हणून हसायचा. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. आता लाज वाटते.

तर त्या रात्री खालून कोणीतरी म्हणालं, "दादा."

गोडमारने भाला सावरला. "कोण आहे?"

"मी इम्मो. वर घे ना. थंडी वाजतेय."

"वा रे वा! आज नवीन सोंग! नाव रोज तटावरून ऐकवता, आता आवाजही शिकलात?"

"दादा... हात दे."

अंधारात चेहरा दिसेना. आवाज मात्र हुबेहूब. गोडमारने टोकाला चरबी खुपसली आणि भाला खाली धरला.

"इम्मो असशील तर खा."

टोकावरची चरबी होती तशीच राहिली.

"खा म्हणतो ना!"

"भूक नाही रे, दादा."

भूक नाही! शहरातले उंदीर संपलेले, लोक दारांवरचं कातडं उकडून खातायत, आणि याला भूक नाही! फिरवलंस ना तोंड? सापडलास! गोडमारने भाला घातला. सगळा जोर लावून. किंकाळी नाही. पडल्याचा आवाज नाही. फक्त...

"दादा."



तो झोपडीत आला तेव्हा भाला मी पाहिला. कोरडा होता. सकाळी खंदकात प्रेत नव्हतं. दहिवरावर पाऊलसुद्धा उमटलं नव्हतं.

वसंतात शहराचे दरवाजे उघडले. गोडमार धावत तुरुंगात गेला, मी त्याच्या मागे. तुरुंगवाला म्हणाला, "तो पोरगा? पकडला त्याच आठवड्यात तापाने गेला. खालच्या कोरड्या हौदात टाकलाय."

"त्याच आठवड्यात?" गोडमारने विचारलं. "संत आंद्रेच्या आधी?"

"दोन महिने आधी. रात्रभर दादा दादा करायचा, मला झोप नव्हती."

आमची माणसं खवळली, यानेच मारला म्हणाली. मग आमच्या नायकाने आपली रीत लावली. मारणाऱ्याचा हात लागला की मेलेल्याचं रक्त वाहतं, नुसती हाडं उरली असली तरी. तुरुंगवाल्याने दोन्ही तळवे हाडांवर ठेवले. आम्ही वाट पाहिली. हाडं कोरडी ती कोरडीच. सोडला त्याला.

"घे, उचल आता भावाला," नायक म्हणाला.

गोडमार मागे सरकला. "फुल्कर, तू घे. माझ्याने व्हायचं नाही."

मला वाटलं, दुःखाने म्हणतोय.

घरापर्यंत अकरा दिवसांची वाट. हाडांचं पोतं माझ्या पाठीवर, गोडमार दहा पावलं मागे. नदी उतरताना माझा पाय घसरला, तरी गड्याने पोत्याला हात लावला नाही.

आई दारात उभी होती. रडली नाही. मी पोतं उंबऱ्यावर ठेवलं.

"फुल्कर, तुझे उपकार फार झाले," ती म्हणाली. "पण घरात त्याला भावानेच आणायचं. थोरल्या, उचल."

"आई..."

"उचल."

उचललं त्याने.

पोतं खालून ओलं झालं... मग लाल. उंबऱ्यावर ठिपकायला लागलं.

आईने एकदा पोत्याकडे पाहिलं. एकदा त्याच्याकडे. पोतं त्याच्या हातातून ओढून घेतलं, आत गेली, आणि अडसर घातला.

दाराबाहेर बसून त्याने मला खंदकावरचं सगळं सांगितलं. उजाडायच्या आत निघून गेला. कुठे, कोणाला ठाऊक नाही.

म्हातारीला जाऊनही आता सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात त्या वाटेने गेलो होतो. घर ओस पडलंय, छप्पर खाली आलंय, महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. उंबऱ्यावरच्या डागाला मी बोट लावून पाहिलं...

ओला होता.