भाजून बघितल्याशिवाय

बारामतीच्या घरगुती वस्तूंच्या दुकानात एकाच टोस्टरवर दोघांचे हात एकदम पडले. स्वरूपानं हात काढला नाही. समोरच्या तरुणानंही नाही.

"मी आधी बघितला," ती म्हणाली.

"पण धरला मी आधी…" तो हसला.

स्वरूपा भिगवणची. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तिचे आबा होडीतून फिरवायचे आणि घरी नाश्ता स्वरूपा द्यायची. तिचा टोस्टर ऐन हंगामात बंद पडला होता. तो, अविराज, इंदापूरचा डाळिंब बागायतदार. त्याच्या आईचा हात प्लास्टरमध्ये होता.

"माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि आई म्हणली, बाबा, ब्रेड आण!"

स्वरूपाला हसू आवरेना. "पण ह्यो टिकंल का?"

"भाजून बघितल्याशिवाय काय कळणार?" दुकानदार दादासो म्हणाले आणि शेजारच्या बेकरीतून ब्रेड घेऊन आले.

महागडा, चकचकीत टोस्टर एकाच बाजूनं भाजत होता. सगळ्यात स्वस्तातल्यानं गिळलेला ब्रेड वर येईना. दोघांनी धरलेला तो साधा, परवडणारा टोस्टर मात्र दोन्ही बाजूंनी सारखा भाजत होता.

"आणि बिघडला तर?" स्वरूपानं विचारलं.

"हितंच दुरुस्त हुतो. पुण्याला धाडावा लागत न्हाय. पण एकच नग उरलाय."

काउंटरला टेकून दोघांनी कुरकुरीत टोस्ट खाल्ले. तिच्या ओठाला चुरा लागला होता. त्यानं बोटानं नुसतं स्वतःच्या ओठाकडं दाखवलं… आणि ती लाजली.

"तुमी घ्या," तो म्हणाला. "तुमच्याकडं पाहुणे हायेत."

"आणि आईला काय उपाशी ठेवता?" तिनं खिळ्याला अडकवलेला गॅसवरचा जाळीचा टोस्टर काढून त्याच्या हातात दिला. "ह्यात बिघडायला काहीच न्हाय. फक्त लक्ष ठिवा."

"करपला तर कुणाला विचारू?"

मग तिनं नंबर सांगितला.

करपलेल्या टोस्टचे फोटो येऊ लागले. पुढं टोस्ट करपायचे थांबले, मेसेज थांबले नाहीत. मग अविराज मासळी घ्यायला म्हणून भिगवणला यायला लागला.

एका सकाळी तो घरामागच्या काठावर तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. पाण्यावर धुकं होतं. आबा पाहुण्यांना घेऊन गेले होते.

"आज मासळी न्हाय न्यायची," तो म्हणाला. "स्वरूपा… तुमच्याशी बोलल्याबिगर माझा दिवसच सुरू हुत न्हाय. लग्न कराल माझ्याशी?"

ती त्याच्याकडं वळली.

"तुमी आवडता मला. लई आवडता. पण हे पाहुण्यांचं काम मी उभं केलंय. लग्न झालं म्हणून सोडणार न्हाय."

"सोडा कोण म्हणतंय? हंगामात मी हितं राहीन. बागेकडं जाऊन येऊन बघीन."

"लोक हसतील, सासुरवाडीत राहतो म्हणून."

"हसू द्या की!"

तिचे डोळे भरून आले. धुक्यातून आबांची होडी काठाकडं येत होती.

"मग आबांना विचार," ती हळूच म्हणाली. "जा… त्यांच्या होडीचा दोर धर."

ती 'तू' म्हणाली होती! अविराज धावला आणि बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरला.