धोंड्याचं बोलावणं

मोताळ्याच्या बाजाराची एसटी, आणि सारिकाची वांग्यांची टोपली नेमकी वाटेत आडवी. नवी कंडक्टर ती ओलांडता ओलांडता अडखळली, सारिकाच्या खांद्याला धरून सावरली आणि सावरल्यावरही तिचा हात जरा... जरा रेंगाळलाच म्हणा ना.

"बाईमाणसाले अर्धं तिकीट," ती म्हणाली, "पण वांग्यांले पुरं लागंन."

"काऊन? वांगे काय बाप्ये हायेत?"

"ज्याच्यापायी मी पडली असती, त्याले सूट देऊ?" हे बोलताना बाई वांग्यांकडे बघत नव्हती. सारिकाकडे बघत होती.

ही डोणगावची रेणुका. खाकी वर्दी, कानात बारीक रिंगा आणि अख्खी गाडी गप्प करील असा आवाज. सारिकाची आई अन्नपूर्णाबाई तर तिच्यावर लट्टूच झाली. चांगली कोवळी वांगी तिच्यासाठी बाजूला काढायची. आणि सारिका? ती बाजाराच्या दिवशी वेणी दोनदा घालू लागली. भाजी विकायला जाताना कोणी दोनदा वेणी घालतं का, सांगा बरं.

एकदा मोताळ्याच्या स्टँडवर चहा पिताना रेणुका म्हणाली, "मले तू आवडते. मैत्रिणीसारखी नाई... तशी." सारिकानं आपला कप खाली ठेवला, रेणुकाचा घेतला आणि तिच्या उष्ट्या चहाचा घोट घेतला. रेणुकाला कळायचं ते कळलं.

मग वडनेर भोलजीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, शेती बागायती. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता सारिकानं सांगून टाकलं, "माय, मले नवरा नको. मले रेणुका पाह्यजे. जन्माची." अन्नपूर्णाबाईंचा हात थांबला. मग त्या पुन्हा जुड्या बांधू लागल्या. स्थळाला नकार कळवला, पण लेकीशी बोलणंही आटलं. टोपलीला मायलेकी दोन बाजूंनी हात लावायच्या, ती माय आता एकटीच उचलू लागली. सारिकाला सगळ्यात जास्त तेच लागलं. रेणुका हवी होती, पण मायही हवीच होती की तिला.

त्यात धोंड्याचा महिना लागला. अधिक महिना तो. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, लेक-जावयाला शेजारी बसवून ओवाळायचं, कपडे करायचे. थोरल्या अनुपमाला नि जावयांना बोलावणं गेलं. आणि गाडीत अन्नपूर्णाबाईंनी खिडकीबाहेर बघतच रेणुकाला सांगितलं, "रविवारी जेवाले ये."

जावयासमोर बसवून माय रेणुकाला संबंध तोडायला लावणार, असंच सारिकाच्या मनानं घेतलं. "नको येऊ," ती रेणुकाला म्हणाली. पण रेणुका ती रेणुका. डोक्यावरून आंघोळ करून वेळेवर हजर.

दारात वडील, रंगराव, पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. जावयाच्या पायावर घातलं तसंच तिच्या पायावर पाणी घातलं आणि आत गेले. सारिका बघतच राहिली.

आत चार पाट मांडले होते. अनुपमा नि जावई दोनांवर बसले. तिसऱ्यावर माय रेणुकाला हाताला धरून बसवत होती. चौथा वडिलांचा असेल, म्हणून सारिका वाढायला वळली.

"तू कुठं चालली?" माय म्हणाली. "बस तिच्या शेजारी. धोंड्याचं जेवण जोडीनं जेवतात."

सारिका बसली. जावयांनी मान खाली घालून धोंडा फोडला. अनुपमा आईकडे बघून हसली. ओवाळून झाल्यावर मायनं सारिकाला साडी दिली आणि रेणुकाच्या हातात एक पुडकं ठेवलं. आत खाकी कापड होतं.

"जवायाले शर्टाचं कापड देतात, लेकीले साडी," माय म्हणाली. "तुले काय द्याव, समजेच ना. लय दिवस त्याच इचारात होती मी. मंग म्हनलं, रोज घालते तेच घ्याव."

म्हणजे बोलणं आटलं होतं ते यासाठी! सारिकाला रडू आवरेना. अख्खी गाडी गप्प करणारी रेणुका ते कापड छातीशी धरून बसली.

"आता तरी वांग्यांचं तिकीट सोडशीन का?" मायनं विचारलं.

रेणुकानं डोळे पुसले. "नाई, माय. घ्याच लागते."

"मंग जेव," म्हणून मायनं तिच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला.