भुंगोबाला शोधणारं माणूस

खालापूरच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सवाल्याला लागून हर्षलाचा गाळा होता. श्रावणातल्या एका दुपारी देवव्रत त्याच्या पत्र्याखाली थांबला, तो केवळ स्कूटर पंक्चर झाली आणि वरून सर आली म्हणून. वेळ जावा म्हणून त्याने पाटी वाचली – ‘ऑनलाइन लिलावात वस्तू विका. शोधात वर आणून देऊ.’

“कुठून वर आणता?” त्याने विचारलं.

“बुडाली असंल तिथून,” हर्षला कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली. मग तिने नजर काढली... आणि ती परत जागेवर जायला जरा जास्तच वेळ लागला.

हर्षला कळंबच्या भातशेतीवाल्यांची लेक, इथे मावशीकडे राहून धंदा करायची. धंदा साधाच. लोक घरातल्या जुन्या वस्तू लिलावाच्या साइटवर टाकतात, पण त्या कुणाला दिसतच नाहीत. बुधाजीने आजोबांचा ग्रामोफोन ‘आबांचा बाजा’ म्हणून टाकला होता आणि वर्षभर त्याकडे कुत्रं फिरकलं नव्हतं. हर्षलाने तिथे कंपनीचं नाव, साल, रेकॉर्डचा आकार घातला, गूगलवर तो पहिल्या पानावर आला आणि आठवड्यात विकला गेला. आपल्याला वस्तू काय वाटते ते लिहायचं नाही, घेणारा काय टाइप करेल ते लिहायचं, एवढाच तिचा मंत्र.

आपणही एक वस्तू टाकलीय, असं देवव्रतने चाचरत सांगितलं आणि मोबाइलवर दाखवलं. ‘भुंगोबा कॅमेरा, भिवपुरी.’ किंमत अशी की वाचूनच घाम फुटावा. पाच महिने एकही बोली नाही.

हर्षला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “भुंगोबा कोण शोधंल ओ?”

“शोधेल कुणीतरी,” तो म्हणाला. नाव बदलायचं नाही, असंही त्याने बजावलं. मग फोटो तरी नीट काढू द्या, असं ती म्हणाली, आणि त्याने ते मात्र लगेच कबूल केलं. परत यायला निमित्त हवं होतं, दुसरं काय!

देवव्रत भिवपुरीच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये निवृत्त वडिलांबरोबर राहत होता. कॅमेरा द्यायला तो एकदा आला, पासवर्ड द्यायला दुसऱ्यांदा, आणि पासवर्ड चुकला तर नाही ना हे विचारायला तिसऱ्यांदा. त्यानंतर निमित्तं संपली तरी येणं संपलं नाही. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चहाचा ग्लास घेताना बोटं लागायची... आणि दोघंही चहा फार गरम असल्याची तक्रार करायची. एक गोष्ट तेवढी तिला खुपायची. संध्याकाळी घरी फोन करू नको, असं त्याने सांगितलं होतं. आपण कोण, ते कोण – ती समजायचं ते समजली आणि गप्प बसली.

त्याला खूश करावं म्हणूनच तिने तो आगाऊपणा केला. कॅमेरा उलटा करून पाहिला तर खाली जर्मन कंपनीच्या दुर्मीळ मॉडेलचा नंबर. त्याला न विचारता तिने ‘भुंगोबा’ खोडलं, ‘भिवपुरी’ खोडलं आणि कंपनी, मॉडेल, साल लिहिलं. चौथ्या दिवशी मदुराईच्या एका शौकिनाने सांगितली ती किंमत मोजली. तिने कॅमेरा पॅक केला, कुरिअरला दिला आणि मगच आनंदाने देवव्रतला फोन लावला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत.

तो आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. तो खुर्चीत बसला. मग सगळं सांगितलं. त्याची बहीण श्रिया तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. तिचं ज्याच्यावर मन होतं तो मुलगा जातीतला नव्हता. मुलाचे आईवडील मागणी घालायला आले तेव्हा वडिलांनी त्यांना क्वार्टरच्या दारातच उभं ठेवलं होतं आणि तसंच परत पाठवलं होतं. त्याच आठवड्यात श्रिया गेली. नंबर बंद, पत्ता नाही. कॅमेरा ती घेऊन गेली असं वडील समजत होते, पण जाताना तिने तो भावाच्या उशाखाली ठेवला होता. चावी फिरवली की भुंग्यासारखा गुणगुणतो म्हणून लहानपणी तिनेच त्याला भुंगोबा नाव दिलेलं. “जगात तो शब्द दुसरं कोण टाइप करणार, हर्षला? मला विकायचा नव्हताच. ती शोधेल आणि तिला कळेल, की भाऊ वाट बघतोय... एवढंच.”

हर्षलाने साइटचा अहवाल उघडला. लोक कोणते शब्द टाइप करून आले ते त्यात दिसतं. पहिल्या पाच महिन्यांत ‘भुंगोबा’ या शब्दावरून कुणीतरी एकशे सेहेचाळीस वेळा त्या पानावर आलं होतं. नाव बदललं त्या दिवसापासून शून्य. तिला तो अहवाल मिटून टाकता आला असता. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली, कारण ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्यापासून हे लपवून तिला एक घासही गिळता आला नसता.

“ती रोज दारापर्यंत येत होती,” तो हळू आवाजात म्हणाला. “तू दारच काढून टाकलंस.” आणि छत्री तिथेच विसरून तो पावसात निघून गेला.

पंधरा दिवस तो आला नाही. तिनेही फोन केला नाही. रडली मात्र पोटभर, आणि रडून झाल्यावर जे येत होतं ते करायला बसली. तिने नवं पान बनवलं. त्याला नाव दिलं ‘भुंगोबा’, खाली पाच जागी पुन्हा तोच शब्द, कॅमेऱ्याचा फोटो, गाळ्याचा पत्ता आणि एकच ओळ – ‘ज्याला हा ओळखीचा आहे त्याने इथे यावं. कुणी रागावणार नाही.’ शोधात ते वर चढायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी त्या शब्दावरून पहिली भेट आली. त्याच संध्याकाळी पाच भेटी.  तिने देवव्रतला निरोप धाडला, की शोधणारं माणूस परत आलंय, बहुतेक उद्या इथेच येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धुतलेला शर्ट, हातात मोबाइल. आत यावं की नाही, याचाच त्यांना प्रश्न पडलेला.

“हे पान... ज्या मुलीने तुमच्याकडे हा कॅमेरा विकायला दिला,” ते म्हणाले, “ती कुठे राहते? मी तिचा बाप. तिला पैशांची अडचण असणार. त्याशिवाय ती भुंगोबा विकणार नाही.”

हर्षला उठली. तिने त्यांना खुर्ची दिली. देवव्रतचे वडील, गोपाळकृष्ण, सांगत राहिले. मुलगी कुठेतरी तिच्याच शब्दांत काही लिहील म्हणून ते रोज संध्याकाळी तो शब्द टाइप करायचे. फाल्गुनात पान सापडलं तेव्हा ते देवापुढे बसून रडले. रोज उघडून बघायचे, ती आहे... जिवंत आहे. तिला काही लिहायचा धीर झाला नाही, मुलाला सांगायची लाज वाटली. मग एक दिवस पान नाहीसं झालं, आणि ते तीन दिवस जेवले नाहीत.

“काका,” हर्षला म्हणाली, आणि तिला पुढचे शब्द ओठांपर्यंत ओढून आणावे लागले. “ते पान तिनं नव्हतं लिवलेलं. तुमच्या देवव्रतनं लिवलेलं. आनी त्याला वाटायचं, ती बघतेय.”

म्हाताऱ्याने मान हलवली. मग पुन्हा हलवली. म्हणजे ती कधीच आली नव्हती, एवढंच ते शेवटी पुटपुटले.

तेवढ्यात स्कूटर थांबली. देवव्रत धावत आत आला, वडिलांना बघून जागीच खिळला, आणि तरीही त्याची नजर त्यांच्या मागे, कोपऱ्यात, पार्सलांच्या आड कुणाला तरी शोधत राहिली. तिथे कुणी नव्हतं. हर्षलाने त्याला काही सांगायची गरजच पडली नाही. बापलेक एकाच घरात, भिंतीपलीकडे बसून, पाच महिने एकमेकांनाच शोधत होते. तो वडिलांच्या पायाशी बसला. 

गोपाळकृष्णांनी हर्षलाकडे बघून विचारलं, “ही कोण?”

देवव्रत उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. “ही हर्षला, बाबा. कळंबची. हिच्याशिवाय मला आता करमत नाही... आणि हे तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं.” पंधरा दिवसांपूर्वीच्या शब्दांची माफी तो तिच्याकडे न बघता, भर गाळ्यात तिचा हात धरून मागत होता. हर्षलाने हात सोडवला नाही, पण नजर वर करायचा तिला धीर होईना.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला. श्रियाचा पत्ता आजही नव्हता आणि पुढेही लागेल याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

“तुझे आईवडील घरी कधी असतात, ते सांग,” ते म्हणाले. “त्यांना माझ्या दारात बोलवू नको. त्यांच्या दाराशी मी येतो.”